इंचटेपने मोजलेलं घर

आधी माफी मागतो. घर घेण्याबद्दल लिहायचा मला काही अधिकार नाही. घराचं कर्ज वडिलांच्या नावावर आहे, जुनी खोली आईने आवरली, नवी आईनेच लावली. मी फक्त बोललो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून मला उगाच वाटतंय की लिहायचंही जमेल. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आमच्या गल्लीत जे अजून राहतात त्यांच्यासाठी, आणि आमच्यासारखे जे अंबरनाथला, बदलापूरला किंवा त्याहून पुढे निघून गेले त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमच्यापैकी काही जण यात आहेत. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही निघालो तो दिवस काहींना आठवत असेल. टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून तो कोपऱ्यावर इस्त्रीवाल्यापाशी उभा केला आणि सामान हातोहात तिथवर गेलं. कपाट चौघांनी उचललं. भांड्यांचं पोतं माझ्या मित्राने, निलेशने, एकट्याने नेलं. शेवटी राहिली वडिलांची कटिंगची फळी. वडील जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर. गल्लीत त्यांचं खरं नाव फार जणांना माहीत नसेल, सगळे मास्तरच म्हणतात. घरी जे थोडं बाहेरचं काम यायचं ते रविवारी या सात फुटी फळीवर व्हायचं. फळी टेम्पोत मावत होती, पण बदलापूरच्या नव्या घराच्या जिन्यात वळणार नव्हती. वडिलांनी तो जिना आधीच टेप लावून बघून ठेवला होता. त्यांनी फळी भिंतीला टेकवली, तिच्यावरचा खडू पंज्याने पुसला आणि निलेशला म्हणाले, "तुझ्या घरी ने. कपडे ठेवायला होईल."

आमच्या खोलीच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अम्मा, खुर्ची टाकून बाहेर बसल्या होत्या. बॅरेकमधल्या चार खोल्या त्यांच्या. वीस वर्षं आम्ही त्यांचे भाडेकरू. त्या सिंधी, मला लेकासारखं पुट म्हणायच्या. म्हणाल्या, "पहले पंखा लगाना, पुट. बाकी सब बाद में." मग त्यांनी आईकडे बघून तिच्या हातात एक पापडाचं पाकीट दिलं. आई टेम्पोत पुढे बसली, मांडीवर मिक्सर, मिक्सरवर पापड. टेम्पो सुटल्यावर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, खूश आहे.

आम्ही काही हौसेने निघालो नव्हतो. अम्मांच्या मुलांनी बॅरेक बिल्डरला द्यायची ठरवली आणि आम्हाला दिवाळीपर्यंतची मुदत दिली. अम्मांनी हे सांगताना आमच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही, दारातूनच बोलून गेल्या. त्या रात्री वडील जेवताना म्हणाले, "आता भाडं नको. छोटं असू दे, पण आपलं असू दे." वडिलांनी एवढं मोठं वाक्य बऱ्याच दिवसांत म्हटलं नव्हतं.

भावाची घासाघीस आम्हाला नवी नव्हती. उल्हासनगरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला पहिला भाव ऐकून हसायचं असतं हे शिकवावं लागत नाही. आणि आमच्या गल्लीत आईइतकं पक्कं कोणी नव्हतं. बांगडीवाला असो की चादरीवाला, ती अर्ध्यावर सुरुवात करायची, दोन पावलं चालू लागायची, आणि तिसऱ्या पावलाला मागून हाक यायची. एकदा मी तिला विचारलं होतं, हाक आलीच नाही तर? ती म्हणाली, "मग तिसरं पाऊल हळू टाकायचं."

पण घराचं वेगळं. घर बघायला जाताना चौघं जण बसून ठरवतात तसं आमच्याकडेही ठरलं. समोरच्या शेवंतामावशींनी आधी आपल्या भाच्यासाठी घर घेतलं होतं, त्यांनी शिकवणी घेतली. "शिरल्या शिरल्या नाक मुरडायचं," त्या म्हणाल्या. "आधी नाक, मग तोंड. छान शब्द काढला की दोन लाख वाढले समज." वाटणी झाली. वडिलांनी भिंती वाजवायच्या. आईने ओल शोधायची आणि किचन लहान म्हणायचं. भावाचं मी बोलायचं. आमचा एजंट हरेशभाई, कॅम्प चारचा, जन्म इथलाच, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. तोही म्हणाला, "भाभी, चेहरा एकदम सख्त. जैसे किसी के मय्यत में आये है."

सहा घरं बघितली. अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या बाजूला एक होतं, भाव बसत होता, पण खिडकी उघडली की नाल्याचा वास आत यायचा. आईने तिथे खरंच नाक मुरडलं, शिकवल्याशिवाय. ते सोडलं. सातवं घर बदलापूरचं.

तिथे राहत होत्या सुमनकाकू. एकट्याच. त्यांचे यजमान अंबरनाथला कारखान्यात होते, निवृत्त झाले आणि पुढे वारले. मुलगा पुण्याला, तो आईला घेऊन जाणार, म्हणून घर विकायचं होतं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, एक खोली, एक हॉल, किचन. किचनच्या खिडकीतून डोंगर दिसायचा. आई खिडकीपाशी गेली तेव्हा मला धास्ती वाटली, पण ती शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "वटा लई बारका आहे." हरेशभाईने मला डोळा मारला. वडिलांनी भिंत वाजवली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

निघताना काकूंनी हळदी-कुंकवाचा करंडा आणला. सवाष्ण बाई घरी आली की देतातच. काकू मात्र जरा थबकल्या, त्यांनी करंडा उघडून नुसता पुढे धरला आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्हीच लावून घ्या हो." आईने घेतलं, कपाळाला लावलं. आणि मग, बोटाला उरलं होतं म्हणून म्हणा किंवा कशाने म्हणा, ती दारात खाली वाकली आणि तिने उंबऱ्याला दोन्ही टोकांना हळदीकुंकू लावलं. हात टेकवून नमस्कार केला. मग ओलांडून बाहेर आली.

त्या घराला खरा, लाकडाचा उंबरा होता. फ्लॅटला कोण लाकडी उंबरा बसवतं? संगमरवरी पट्टी असते. काकूंच्या यजमानांनी हौसेने करवून घेतला होता. बॅरेकच्या आमच्या खोलीला तोही नव्हता, सिमेंटचा एक उंचवटा, तोही सायकली आणि जीन्सच्या गठ्ठ्यांनी झिजलेला. आई त्यालाच बोट लावायची, दर शुक्रवारी. पण दुसऱ्याच्या उंबऱ्याला कुणी असं करत नाही. ते घरच्या बाईचं काम.

हरेशभाईचं तोंड उघडंच राहिलं. "भाभी, टोकन के पहले पूजा?" तो हळूच पुटपुटला. काकू वळल्या आणि किचनमध्ये गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी समजून गेलो, मुलाला फोन लावला असणार: लोक अडकलेत, भाव सोडू नको.

जिन्यात मी आईला बोललो. काय बोललो ते लिहायची लाज वाटते, पण तेच लिहायला बसलोय. "गप्प राहायचं एवढंच काम होतं तुझं," मी म्हणालो. "तेवढंही जमत नाही? उगाच नाही कोणी अडाणी म्हणत." हरेशभाई दोन पायऱ्या खाली होता, त्याला ऐकू गेलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं आणि परत पायऱ्यांकडे.  आई कठड्याला धरून उतरत होती, बोटाचं कुंकू कठड्याला लागू नये म्हणून ते बोट वेगळं धरून.

आठवड्याने हरेशभाईचा निरोप आला: मुलगा म्हणतो एकतीसच्या खाली बात नाही. मी आईकडे बघितलं. पुढच्या भेटीला आई आली नाही. "तुम्हीच जावा," म्हणाली, "मला धागे आहेत." कारखान्यातून शिवलेल्या जीन्स गठ्ठ्याने घरी यायच्या, त्यांचे सुटलेले धागे कापून द्यायचे. नगावर पैसे. धागे तेव्हा रोजच असायचे.

मग मी अभ्यास केला. परीक्षेला करतो त्याहून जास्त. त्या बिल्डिंगमध्ये अलीकडे विकलेल्या दोन घरांचे भाव वॉचमनकडून काढले. सरकारी दर बघितला. हरेशभाई जो एरिया सांगत होता तो जिना, गच्ची, भिंती सगळं धरून होता, पायाखालची जमीन किती ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून वडिलांना घेऊन गेलो. वडिलांकडे मोजायला एकच गोष्ट, गळ्यातला इंचटेप. पाच फुटांचा. त्याने हॉल मोजायला दोघांना गुडघ्यावर रांगावं लागलं. हरेशभाई दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, घर को पँट सिलवाना है क्या? कमर तो बताओ!" काकू हसल्या. आम्हाला त्या दिवशी त्यांना हसलेलं बघून बरंच वाटलं, पण मी हसलो नाही. वडील मला लहानपणी फळीपाशी उभं करून सांगायचे, "माप घेताना माणसाकडं बघू नको, कापडाकडं बघ." ते मी पाळलं.

बेडरूममध्ये काकूंनी विचारलं, "दाराच्या मागचं पण धरलंस का रे?"

"हो. दीड फूट."

"तिथे यांची काठी असायची," त्या म्हणाल्या.

मी दीड फूट लिहिला. काठीचं काय लिहायचं ते मला कळलं नाही.

एका कागदावर सगळं मांडलं. खरं क्षेत्रफळ, शेजारच्या घरांचे भाव, लिफ्ट नाही त्याची वजावट, बाथरूमच्या भिंतीची ओल. खाली आकडा आला साडेअठ्ठावीस. मला तो आकडा खरा वाटत होता, अजूनही वाटतो. कोणाला लुबाडायचं नव्हतं, आम्हालाही लुबाडून घ्यायचं नव्हतं. काकूंच्या समोर बसून मी कागद वाचून दाखवला.  त्यांनी चष्मा लावून कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग मी ते केलं जे कागदावर नव्हतं. मी म्हणालो, "आम्हाला अंबरनाथचं घर मिळतंय, शिवमंदिराजवळ. रविवारी त्यांना हो म्हणायचंय." ते घर आम्ही नाकारून महिना झाला होता. वडील शेजारी बसून होते. त्यांनी टेपची गुंडाळी सोडली आणि परत केली.

चौथ्या दिवशी हरेशभाईचा फोन. "काकू मान गयी. साढे अठ्ठाईस. पेढे खिला, वकील."

त्या संध्याकाळचं तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही होतात. वडिलांनी दोन किलो पेढे आणले. आयुष्यात त्यांनी एकदम दोन किलो काही गोड आणलं असेल असं वाटत नाही. घरोघर वाटले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "पोरानं अडीच लाख उतरवलं. कागदावर लिहून दिलं म्हातारीला." शेवंतामावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. अम्मा म्हणाल्या, "पढाई का फायदा है, देखो." आई प्रत्येक दारात वडिलांच्या मागे उभी होती, डबा धरून. पेढा उचलून द्यायचं काम तिचं होतं.

चावी घेऊन इथे आलो त्याला आता अकरा महिने झाले.

बदलापूरबद्दल वाईट लिहायचं नाही. हवा चांगली आहे. डोंगर आहे. पण इथे येऊन आम्ही तिघंही दमलोय, आणि दमलोय असं म्हणायची सोय नाही, कारण आपलं घर झालंय. वडिलांचा कारखाना कॅम्प पाचलाच. आधी ते चालत जायचे, दुपारी जेवायला घरी यायचे. आता सकाळी डबा घेऊन निघतात, अंबरनाथला उतरून शेअर रिक्षा, आणि परत येतात तेव्हा बोलत नाहीत. मी कॉलेज करून शहाडला एका दुकानात चार तास झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं काम करतो, हप्त्याला हातभार. घरी येतो तेव्हा पाय दारातून आत टाकतो एवढंच समजतं.

आईला तर कामच राहिलं नाही. जीन्सचे गठ्ठे बदलापूरला कोण पाठवणार? धागे कापायची तिची छोटी कात्री खिडकीच्या खिळ्याला लटकते. सुरुवातीला ती म्हणायची, "बरं झालं, डोळ्यांना आराम." मग म्हणेनाशी झाली. इथे दारं बंद असतात. शेजारच्या वहिनी चांगल्या आहेत, पण नोकरीला जातात. बॅरेकमध्ये मसाल्याला काही कमी पडलं तर आई नुसती हाक मारायची आणि तीन घरांतून उत्तर यायचं. इथे ती मोबाइलवरून मला मेसेज पाठवते: येताना धने. पहिले काही महिने ती भाजीवाल्याशी भावसुद्धा करत नव्हती. सांगेल ते द्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हितं काय मागं हाक येत न्हाई."

आणि उंबरा. एवढं मात्र माझ्या लक्षात होतं. नव्या घरात आल्यापासून मी आईला उंबऱ्याला हळदीकुंकू लावताना एकदाही पाहिलं नव्हतं. वास्तुशांतीला भटजींनी लावायला लावलं तेवढंच. शुक्रवार येत, जात. मला कारण माहीत होतं आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माफी मागावी लागली असती. आणि मनात एक असंही होतं की भाव तर शेवटी मीच खाली आणला ना. तिच्या चुकीवर मीच पांघरूण घातलं. हे मी कोणाला बोललो नाही, पण अकरा महिने मी या वाक्यावर टेकून उभा होतो. दमून आल्यावर माणसाला टेकायला काहीतरी लागतं.

मागच्या आठवड्यात निलेशचा फोन आला. त्यांचंही घर आता जाणार. बॅरेकच्या पलीकडच्या भागाचीही बोलणी झाली होती. "तू चल ना हरेशभाईकडे," तो म्हणाला. "तुझा तो कागद घेऊन चल. पप्पा म्हणतात मास्तरच्या पोराला ने." मला बरं वाटलं. खरं सांगतो, अंगात ताकद आल्यासारखं वाटलं. रविवारी सकाळी मी गेलो. गल्लीत शिरताना निलेशच्या दारात ती फळी दिसली, तिच्यावर धुतलेली भांडी पालथी घातली होती.

हरेशभाईच्या दुकानात मी निलेशला समजावून सांगत होतो. आधी खरं माप घ्यायचं, मग शेजारचे भाव, मग वजावट. हरेशभाई ऐकत होता, दात कोरत. मी कागद उघडला तसा तो हसायला लागला.

"अरे ठेव तो कागद," तो म्हणाला. "उससे क्या होता है? तुझ्या घराचा भाव कागदाने नाही उतरला."

मला वाटलं मस्करी करतोय. "मग कशाने उतरला?"

"तुला माहीत नाही? सच में?" त्याने निलेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा जरा उतरला. "मुझे लगा घर में सबको मालूम है."

मग त्याने सांगितलं. त्या घराला दुसरं गिऱ्हाईक होतं. बदलापूरचाच एक दुकानदार, पूर्ण एकतीस द्यायला तयार, आणि अर्धे आधी. काकूंचा मुलगा त्यालाच हो म्हणून बसला होता. हरेशभाईलाही तेच हवं होतं, त्याचं कमिशन जास्त. "मी स्वतः गेलो काकूंकडे," तो म्हणाला. "बोललो, काकू, ये मास्तर का लडका कागज पढ के आपको पागल बना रहा है. अंबरनाथचं घर पण खोटं आहे, मैंने ही दिखाया था, मालूम है मुझे. तर काकू काय बोलली माहितीये? बोलली, मलाही माहीत आहे. पोराला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात."

मी कागदाची घडी घातली. निलेश खाली बघत होता.

"बोलली, घर त्या बाईला द्यायचं. मी विचारलं, का? तर बोलली, हे गेल्यापासून सहा वर्षं माझा उंबरा कोरडा आहे. मी विधवा, मी लावत नाही, आणि एवढ्या लोकांनी घर पाहिलं, सगळ्यांनी नळ उघडून पाहिले. ही बाई वाकली. भाव जो तो मुलगा म्हणतोय तो घ्या, त्यांना तेवढाच जमत असेल." हरेशभाईने काडी टाकली. "मुलगा दोन महिने बोलला नाही काकूशी. मालूम है? अडीच लाख म्हणजे काय मजाक आहे?"

निलेशच्या घराचं त्या दिवशी पुढे काय ठरलं ते मला नीट आठवत नाही. मी अंबरनाथपर्यंत चालत आलो. माझा कागद खिशात होता. तो आकडा अजून मला चुकीचा वाटत नाही, हे विचित्र आहे. बेरीज बरोबर होती. फक्त तिचा उपयोग झाला नव्हता. आणि बरोबर आकडा मिळूनही एका म्हातारीने मुलाचा अबोला सोसला, हे त्या कागदावर कुठे धरायचं? तिने दिलं म्हणजे आम्ही घेतलंच ना. योग्य भाव म्हणजे काय, हे कोणी मला आता विचारलं तर मी गप्प बसेन. घर कशाला म्हणायचं हे विचारलं तर मी आजपर्यंत चौरस फूट सांगत आलोय. गल्लीत असताना घर म्हणजे हाक मारल्यावर ओ येईल तेवढी जागा होती. इथे ती जागा कुठून कुठवर ते मी अजून मोजलेलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दारात बूट काढायला खाली बसलो. रोज उभ्यानेच काढतो, एक पाय दुसऱ्याने ढकलून. बसलो म्हणून उंबरा डोळ्यांसमोर आला. दोन्ही टोकांना, लाकडाच्या रेघांमध्ये, हळद आत बसली होती. वर कुंकवाचा डाग. एका दिवसाचा नव्हे, थरावर थर. मी सकाळी सहाला निघतो. ती नंतर लावत असणार. आणि परत येताना मी कधी खाली बघितलंच नाही.

आई हॉलमध्ये मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हरेशभाई जे म्हणाला ते सगळं सांगितलं. दुकानदाराचं, काकूंच्या मुलाचं, कोरड्या उंबऱ्याचं. जिन्यातलं पण बोललो. तो शब्द परत उच्चारावा लागला. बोलताना माझे कान गरम झालेले मला कळत होते. आईचा हात थांबला नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "चावी देताना काकूंनीच सांगितलं."

"चावी देताना? अकरा महिने?"

"तुझ्या बापालाबी म्हाईत हाय."

म्हणजे ही बातमी सगळ्यांकडून फिरून माझ्यापर्यंत शेवटी आली होती. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. बाजारात एखाद्याने फारच चढा भाव सांगितल्यावर बघते तसं.

"सगळ्या गल्लीत पेढं वाटून झालं हुतं," ती म्हणाली. "परत मागायचं हुतं व्हय?"